नाकमावशींची किटली

गल्लीत सगळे त्यांना मावशी म्हणत, आणि त्यांची पाठ वळली की नाकमावशी. हे दुसरं नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. फक्त तसं दाखवायचं नाही, एवढं पथ्य त्या पाळत. नाक दिसायला काही खास नव्हतं, जरा बसकंच होतं. पण त्याची कीर्ती गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचलेली. कुणाच्या घरी गॅसची नळी गळतेय का, पाण्याच्या टाकीत काही मेलंय का, सिगारेट सोडली असं बायकोला शपथेवर सांगणारा नवरा खरं बोलतोय का, असले सगळे खटले मावशींपुढे यायचे. मावशी दारात उभ्या राहून एक श्वास घ्यायच्या आणि निकाल देऊन चालू पडायच्या. त्यावर अपील नव्हतं.

अर्थात हे फावल्या वेळेतले उद्योग. खरं काम दुधाचं. घरामागे पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये तीन शेळ्या: काळी, पांढरी आणि रंग नक्की कोणता ते ठरवता न आल्यामुळे जिला मावशी नुसतं 'मधली' म्हणत ती. मावशींचा नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा. तो गेल्यावर हाताला काहीतरी हवं म्हणून मावशींनी या शेळ्यांचा व्याप मांडला आणि त्यात त्या बुडून गेल्या. मुलगा लांबच्या ट्रकवर, घरी पाहुण्यासारखा यायचा आणि कपडे धुऊन झाले की निघायचा. त्यामुळे घरात माणसं दोनच, मावशी आणि सूनबाई. सूनबाईलाही गल्लीत सगळे सूनबाईच म्हणत. तिचं स्वतःचं नाव काय ते विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि तिनेही कधी आपणहून सांगितलं नव्हतं.

शेळीचं दूध हे फार हळवं प्रकरण आहे, असं मावशी सांगत. कांद्याच्या टोपलीशेजारी ठेवलं तर कांद्याचा वास धरतं, रॉकेलच्या बाटलीशेजारी ठेवलं तर रॉकेलचा. आणि बोकड जवळपास बांधला असेल तर मग ते दूध प्यायचं नाव काढू नका. म्हणून त्यांच्या घरात दुधाचे कायदे होते. धार काढण्याआधी कास कोमट पाण्याने पुसायची, आणि एका शेळीचं फडकं दुसरीला लावायचं नाही. पहिल्या दोन-चार धारा वाटीत काढून फेकून द्यायच्या. दूध लगेच गाळायचं, उकळायचं, मग पातेलं गार पाण्याच्या घमेल्यात बसवून गार होईपर्यंत ढवळत राहायचं. गार झालं की स्टीलच्या किटलीत, आणि किटली फ्रीजमध्ये पार मागे. दारात ठेवलेली दिसली तर मावशी फ्रीजचं दार उघडं टाकून भाषण सुरू करायच्या. कालच्या दुधात आजचं कोमट दूध ओतलं तर त्याहून मोठं भाषण.

भांड्यांचे कायदे वेगळे. आधी गार पाण्याने विसळायचं. एकदम कढत पाणी ओतलं की दूध भांड्याला चिकटून बसतं आणि मग जन्मभर सोडत नाही. त्यानंतर गरम पाणी, साबण, ब्रश. मग पुन्हा खळखळून धुवायचं, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि भांडं उन्हात उपडं घालायचं. फडक्याने पुसायचं नाही, कारण फडकं कितीही स्वच्छ असलं तरी ते फडकंच. प्लास्टिकला घरात बंदी, त्याच्या ओरखड्यांमध्ये दूध लपून बसतं. आणि एवढं सगळं झाल्यावर शेवटचा शिक्का नाकाचा. किटली भरण्याआधी मावशी ती तोंडाशी धरायच्या, डोळे मिटायच्या आणि हुंगायच्या. दूध भरून झालं की पुन्हा हुंगायच्या. मान हलली तर पास. नाही हलली तर किटली परत मोरीत.

या सगळ्यात सूनबाईचे हाल कुत्रा खात नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, दूध म्हणजे काय, तापवायचं आणि ठेवायचं. पहिल्याच महिन्यात तिने एका किटलीला 'चांगलं आहे' म्हटलं. मावशींनी हुंगून ते अख्खं दूध मोरीत ओतलं आणि शेजारणींच्या देखत विचारलं, हे नाक तुला काय चष्मा ठेवायला दिलंय का? सगळ्या हसल्या. नवराही हसला, हे सूनबाईला जास्त लागलं. मग एकदा तिला खरोखरच वास आल्यासारखं वाटलं. ती धीर करून म्हणाली, "अहो आई, हे जरा आंबूस येतंय." मावशींनी हुंगलं. कुठे येतंय? दूध नकोसं झालंय म्हणून निमित्तं शोधू नकोस, म्हणाल्या, आणि त्याच दुधाचा पेला भरून तिच्या हातात दिला. सूनबाई तो उभ्याने प्यायली. दूध चांगलंच होतं. मावशींचं नाक कधी चुकायचं नाही, हीच तर सगळी अडचण होती.

तेव्हापासून सूनबाईने एक सोपा मार्ग धरला. किटली पुढे आली की ती हुंगायची, पण बघायची मावशींच्या चेहऱ्याकडे. कपाळाला आठी असेल तर 'येतोय बाई वास', आठी नसेल तर 'छान आहे'. यात ती इतकी तरबेज झाली की मावशींना वाटू लागलं, पोरगी शिकली एकदाची. वर्षं गेली. दोघींचं बरं चाललं होतं.

शेजारी शिंपी राहायचा. पुढच्या खोलीत मशीन, मागे संसार. त्याला एकच मुलगी, ठकी, तीन वर्षांची पण दिसायला दोनाची. पोट जन्मापासून नाजूक. गाईचं दूध दिलं की उलटी, म्हशीचं दिलं की जुलाब. खाण्याकडे तर तोंड फिरवून बसायची. शिंप्याने डॉक्टर पालथे घातले. शेवटी एका डॉक्टरने शेळीचं दूध देऊन बघा म्हटलं, आणि ते ठकीला मानवलं. पण तेही कुठलंही नाही. बाजारापलीकडच्या गवळ्याचं आणलं तर ठकी पहिला घोट थुंकून टाकायची, कारण त्याचा बोकड शेळ्यांमध्येच बांधलेला असायचा. मावशींचं मात्र घटाघटा प्यायची. वर्षभरात पोरीच्या गालावर थोडं मांस आलं. शिंपीण सकाळी भांडं घेऊन यायची तेव्हा रोज काहीतरी कौतुक करून जायची. तुमचं नाक आहे म्हणून मी घोर करत नाही, मावशी, हे तिचं नेहमीचं वाक्य. दुसरं कुणी असतं तर दूध नेऊन पुन्हा उकळलं असतं. शिंपीण ते नुसतं कोमट करून द्यायची, कारण फार उकळलेलं ठकी पीत नसे आणि मावशींच्या दुधाला त्याची गरज नाही अशी तिची खात्री होती.

त्या थंडीत गल्लीत तापाची साथ आली. घरटी एक माणूस अंथरुणाला लागलं, तशा मावशीही लागल्या. उठल्या तेव्हा गुडघ्यांत जोर नव्हता, पण शेळ्या काही आजारपणाची रजा देत नाहीत. मावशी भिंतीला धरून शेडपर्यंत गेल्या, परत आल्या आणि सूनबाईने घासून ठेवलेल्या किटल्या तपासायला बसल्या. पहिली हुंगली. काही वास नाही. दुसरी हुंगली. काही नाही. गाळायचं फडकंही हुंगलं, तेही स्वच्छ. मावशींना आश्चर्य वाटलं आणि थोडं वाईटही, कारण आपल्याशिवाय घर चालतं हे कुणालाच फारसं आवडत नाही. पण त्या न्यायी होत्या. त्या म्हणाल्या, बरं ठेवलंस हो सगळं. सूनबाई हातातली घासणी तशीच धरून उभी राहिली. ताप डोक्यात गेला की काय, असं तिच्या मनात येऊन गेलं.

पुढचे काही दिवस घरातली प्रत्येक किटली पास होत होती. सूनबाई नव्या नवरीसारखी खुशीत होती. मग एका दुपारी मावशी गॅसकडे पाठ करून स्टुलावर लसूण सोलत बसल्या होत्या आणि सूनबाई पुढच्या खोलीतून धावत आली. "अहो आई, दूध करपतंय." मावशींनी वळून पाहिलं. पातेल्याच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, वाफेऐवजी धूर निघत होता. मावशी म्हणाल्या, करपू दे, ते पातेलं घासायला काढायचंच होतं. सूनबाई बरं म्हणाली. मावशी असं म्हणतायत म्हणजे त्यात काहीतरी असणार.

ती गेल्यावर मावशींनी हातातली लसणाची पाकळी चेचली आणि नाकाशी धरली. मग नाकात घालायचीच बाकी ठेवली. काही नाही. साबणाची वडी हुंगली, मग रॉकेलची बाटली उघडली, शेवटी मोरीच्या तोंडाशी वाकल्या. जग सगळं धुऊन ठेवल्यासारखं झालं होतं. मावशींना इतकी भीती नवरा गेला तेव्हाही वाटली नव्हती.

त्या कुणालाही न सांगता दवाखान्यात गेल्या. डॉक्टर तरुण होता, चांगला बोलला. तापानंतर असं होतं कधीकधी, म्हणाला. परत येईल, नाहीतर येणारही नाही. औषध असं काही नाही. लिंबू, लवंग, कॉफी असे ओळखीचे वास सकाळ-संध्याकाळ हुंगत जा आणि ते कसे होते ते आठवत राहा. मग त्याने सहज विचारलं की तुम्ही काय काम करता. मावशी म्हणाल्या, मी घरीच असते.

लिंबू, लवंग आणि कॉफीची पुडी त्यांनी शेडमध्ये फळीवर लपवून ठेवली. सकाळी धार काढण्याआधी एकेक हुंगायच्या आणि आठवायचा प्रयत्न करायच्या. कॉफी त्यांना आठवायची, पण चव म्हणून आठवायची. लवंग दातदुखी म्हणून आठवायची. चौथ्या-पाचव्या दिवशी मधलीने मान लांब करून लिंबू खाऊन टाकलं, आणि मावशी तिथेच बसून हसल्या आणि मग बराच वेळ उठल्याच नाहीत.

त्यांनी सांगून टाकायला हवं होतं, हे त्यांनाही कळत होतं. रोज सकाळी शिंपीण दारात आली की शब्द ओठांवर यायचे. पण सांगितलं तर शिंपीण काय करणार? बाजारापलीकडचं दूध ठकी घेत नाही. दुसरं दूध तिला सोसत नाही. म्हणजे सांगून पोरीच्या तोंडचं काढून घ्यायचं. आणि न सांगता द्यायचं म्हणजे आंधळ्याने गाडी चालवल्यातली गत. यातली लाज किती आणि काळजी किती, हे मावशींना स्वतःलाच वेगळं करता येत नव्हतं. लाजही होतीच. नाकमावशींचं नाक गेलं, हे वाक्य गल्लीत कसं फिरेल ते त्यांना ऐकू येत होतं.

तेव्हा त्यांनी मधला रस्ता काढला. एक म्हणजे कायदे दुप्पट कडक केले. किटली दोनदा उकळत्या पाण्याने धुवायची, घमेल्यातल्या पाण्यात बर्फ टाकायचा, फडकी रोज उकळायची. सूनबाईचे हात सोलवटून निघाले. आणि दुसरं म्हणजे सूनबाईचं नाक वापरायचं. पण तिला न कळता. मावशी सवयीप्रमाणे किटली हुंगायच्या, मान हलवायच्या, आणि मग तीच किटली तिच्यापुढे धरून म्हणायच्या, तू पण बघ गं, मी काय जन्माला पुरणार आहे का, शिकायला नको? सूनबाई हुंगायची, वर बघायची आणि म्हणायची, छान आहे. मावशींच्या जिवात जीव यायचा. आपलं गेलं तरी घरात एक नाक आहे, असं म्हणून त्या झाकण लावायच्या.

रोज 'छान आहे'. एकदाही दुसरं काही नाही. मावशींना त्याचा आनंदच वाटायचा.

मग एका दुपारी वीज गेली ती संध्याकाळ उलटून गेल्यावर आली. किटली फ्रीजमध्येच होती, दारही कुणी उघडलं नव्हतं, तेव्हा मावशींनी फार मनावर घेतलं नाही. सकाळी त्यांनी किटली बाहेर काढली. शिंपीण दारात भांडं घेऊन उभी होती. ठकी आज भूक भूक करत उठलीय, असं हसत सांगत होती. मावशींनी झाकण काढलं, हुंगलं, मान हलवली आणि किटली सूनबाईपुढे धरली. सूनबाईने हुंगलं. पुन्हा एकदा हुंगलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला, हे मावशींना नंतर आठवलं. तेव्हा त्या झाकण हातात घेऊन, हसऱ्या चेहऱ्याने शिंपिणीशी बोलत होत्या.

"छान आहे," सूनबाई म्हणाली.

दुपारपासून ठकीला उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. चार वाजेपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले आणि ती रडायचीही थांबली, तेव्हा शिंपी अर्धवट शिवलेला सदरा मशीनवर तसाच टाकून तिला उचलून दवाखान्यात पळाला. मावशी मागोमाग गेल्या. ठकीच्या काडीसारख्या हातात सुई लावलेली, हात पुठ्ठ्याला बांधलेला. शिंपीण बाकावर बसून काल दिलेल्या केळ्याला दोष देत होती. नाहीतर गल्लीतल्या नळाला. मावशींनी चाचरत विचारलं, दुधाचं तर काही नसेल ना? तर शिंपीण त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली की जगातलं सगळं नासेल, पण तुमच्याकडचं दूध नासायचं नाही. मावशींना तो हात सोडवून घेता येईना.

घरी आल्यावर त्यांनी सकाळची किटली मोरीतून उचलली. आत बोट फिरवलं, तर आरशासारखी स्वच्छ. मग झाकण घेतलं. झाकणाला आतून रबराची कडी होती, दूध सांडू नये म्हणून. ती कडी रोज काढत नसत, कारण रोज काढली की सैल पडते आणि किटली गळते. मग कधी काढायची? मावशींनी असा विचारच कधी केला नव्हता. झाकण हुंगलं की कळायचंच, आज रबर काढून घासायला हवं. कधी आठवड्याने कळायचं, कधी तीन दिवसांनी. ते त्यांच्या कायद्यांत कुठेच नव्हतं, म्हणून त्यांनी कायदे दुप्पट केले तेव्हा ते दुप्पट झालं नाही. ते नुसतं नाकात होतं, आणि नाकाबरोबर गेलं.

मावशींनी सुरीच्या टोकाने रबर उचकटलं. खाली करड्या रंगाचा बुळबुळीत थर होता. तो त्यांनी नाकाशी नेला. काही नाही.

सूनबाई मागे येऊन उभी होती. तिने ओढणी नाकाला लावली.

"येतोय वास?" मावशींनी विचारलं.

सूनबाईने रबराकडे पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे. "येतोय."

"सकाळी येत होता?"

सूनबाईने ओढणी नाकावरून खाली घेतली. मग खाली बघत म्हणाली, "थोडा येत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हुंगून मान हलवली होती. मला वाटलं, माझंच नाक."

मावशी मोरीच्या कट्ट्यावर बसल्या. त्यांना तिच्यावर ओरडायचं होतं, आणि ओरडायला जागाच उरली नव्हती. हे 'माझंच नाक' त्यांनीच तिला वर्षानुवर्षं पाजलं होतं, उभ्याने. शेवटी त्या म्हणाल्या, "मला वास येतच नाही गं. त्या तापापासून. तू 'छान' म्हणायचीस ना, त्यावर मी दूध देत होते."

सूनबाईच्या चेहऱ्यावर नेहमीचं ते आलं, परीक्षेत अवघड प्रश्न आल्यावर येतं तसं. यात बरोबर उत्तर कोणतं असेल, हे ती शोधत होती. दोघी कितीतरी दिवस एकमेकींच्या भरवशावर दूध पास करत होत्या, हे अजून तिच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. "असं कसं," ती हळूच म्हणाली. "येत असेल हो तुम्हाला." मावशींनी पुन्हा सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं, लिंबाचं सांगितलं. सूनबाई हो हो म्हणत राहिली. पटल्यामुळे म्हणत होती की सवयीने, हे मावशींना कळेना.

ठकी वाचली. सलाईनवर काही दिवस काढून घरी आली, पण वर्षभरात मिळवलेलं सगळं त्या दिवसांत गेलं. खिडकीतून दिसायची तेव्हा शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्यांच्या बाहुलीत आणि तिच्यात फरक करायला दोनदा बघावं लागायचं. मावशींनी सगळ्या घरांचं दूध बंद केलं. शेळ्या आटल्या, असं सांगितलं. शेळ्या अर्थातच आटल्या नव्हत्या. कास भरली की त्या ओरडायच्या, आणि धार काढावीच लागायची. काढलेलं दूध मावशी शेडमागच्या झाडाच्या बुंध्याशी ओतायच्या.

नवीन रबरं आणली. आता ती रोज काढायची असं ठरवलं. पण मावशींच्या मनाला त्याने स्वस्थता नव्हती. रबर सापडलं, बरं झालं. आणखी असं काय काय होतं जे फक्त नाकाला ठाऊक होतं? किटलीच्या कडीचा सांधा? गाळणीची कड? आटत आलेल्या शेळीच्या दुधाचा वास बदलतो तो? त्या तासन्‌तास बसून आठवायच्या. सूनबाईला शिकवायचं म्हटलं तरी काय शिकवणार? आयुष्यभर त्यांनी फक्त हुंगलं होतं आणि मान हलवली होती. का हलवली, हे कुणाला सांगायची वेळच आली नव्हती, आणि आता त्यांना स्वतःलाच ते सांगता येत नव्हतं.

मग एका सकाळी शिंपीण भांडं घेऊन दारात आली.

काळीची धार काढून झाली होती, दूध सवयीप्रमाणे उकळून, गार करून किटलीत भरलेलं, ओतायला न्यायचं राहिलेलं. शिंपीण खूप वाळली होती. डबा-पावडरीचं सगळं करून बघितलं, म्हणाली. ठकी तोंड घट्ट मिटून घेते. पाणी तेवढं पिते. डॉक्टर म्हणतात, हिच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे, नाहीतर पुन्हा सुई. आणि ठकी एकच म्हणते, मावशीचं दूध. तुमच्या शेळ्या आटल्यात म्हणे, पण आवाज तर येतो ओरडण्याचा. थोडं असेल तर द्या.

मावशींनी तिला सगळं सांगितलं. दारातच, उभ्या-उभ्या, काही राखून न ठेवता. ताप, करपलेलं पातेलं, रबराखालचा थर. शिंपीण आधी हसण्यावारी न्यायला बघत होती, मग तिचं हसू गेलं. तिने भांडं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. ती ओरडली असती तर मावशींना बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मी तुमचा हात धरून बसले होते तिथे."



शिंपीण वळली. पायरी उतरली. खाली थांबली, आपल्या घराकडे पाहिलं आणि परत वर आली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज कोरडा होता. "मग आता कोण बघतं दूध चांगलं आहे की नाही ते?"

"ही बघेल," मावशी म्हणाल्या. "हिचं नाक चांगलं आहे. त्या दिवशीही हिला कळलं होतं. माझ्यामुळे बोलली नाही."

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मावशींनी किटलीचं झाकण काढलं, रबर वेगळं केलं, दोन्ही तिच्यापुढे ठेवलं आणि किटली तिच्या हातात दिली. मी हुंगलेलं नाही, म्हणाल्या. मला काही कळतही नाही. तुला जे येईल ते सांग. चुकलीस तरी कुणी काही म्हणणार नाही. शिंपीण श्वास रोखून बघत होती.

सूनबाईने किटली तोंडाशी नेली. हुंगलं. मग झाकण हुंगलं, मग रबर, मग पुन्हा किटली. तिच्या कपाळावर घाम आला होता. आणि मग, इतकी वर्षं वर यायची तशीच, तिची नजर वर आली आणि मावशींच्या चेहऱ्यावर येऊन थांबली.

मावशींना ते दिसलं. आपल्या चेहऱ्यावर काय आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आशा असेल, भीती असेल, जे असेल ते ती वाचणार आणि तेच बोलणार. त्यांनी पटकन पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून त्या उभ्या राहिल्या आणि वाट बघू लागल्या. शेडमध्ये मधली ओरडत होती. शेजारच्या घरातून ठकीचं बारीक रडणं येत होतं, थांबत होतं, पुन्हा येत होतं.

"अहो आई," शेवटी सूनबाई म्हणाली, "इकडे बघा ना जरा. तुम्हाला काय वाटतं?"

शिंपीण भांडं धरून तशीच उभी होती.